अडेलिया वहिनीचं मत

माझी वहिनी अडेलिया ब्रेक्के हिच्याबद्दल आमच्या भागात अजून दोन गोष्टी सांगतात. तिच्यामुळे इथल्या बायकांना मत मिळालं, आणि तिच्या हातचा पाव बोटीला नांगर म्हणून बांधण्याच्या लायकीचा असायचा. दोन्ही खऱ्या आहेत. तिच्या मताचं पुढे काय झालं हे मात्र मला एकटीलाच ठाऊक आहे. आता ती गेली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

ती आयोवाहून दक्षिण डकोटात आली ती आमच्या शाळेची मास्तरीण म्हणून. माझा थोरला भाऊ हाल्वोर शाळेची शेगडी दुरुस्त करायला गेला आणि ती शेगडी अख्खा हिवाळा दुरुस्तच होत राहिली. वसंतात दोघांनी लग्न केलं. आईनं नॉर्वेहून पत्र पाठवलं की अमेरिकन पोरगी केलीस ती केलीस, निदान कॉफी तरी धड करते का? दादानं उत्तरच लिहिलं नाही, कारण वहिनी चहा प्यायची.

दादा नाकासमोर बघून चालणारा माणूस. बोलायचा कमी आणि तेही हळू. वहिनी म्हणजे वावटळ. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच तिनं बायकांच्या मताधिकाराचं काम अंगावर घेतलं, संघटनेची काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, प्रमुख झाली, आणि बग्गी जोडून शेतोशेती हिंडायला लागली. चर्चच्या महिला मंडळात आम्ही मोजे विणत बसायचो, तिथंही ती पत्रकं घेऊन हजर. आमच्या बायकांना इंग्रजी येत नाही म्हणून ती नॉर्वेजियन शिकली. कशी शिकली ते विचारू नका. आमच्या भाषेत मत आणि आवाज यांना एकच शब्द आहे. एकदा तिनं म्हाताऱ्या इंगेबोर्गला मोठ्या कळकळीनं सांगितलं, "तुम्हाला तुमचं मत मिळावं म्हणून मी झटतेय." इंगेबोर्ग म्हणाली, "नको गं बाई. आहे त्याच आवाजानं आमच्या म्हाताऱ्याचे कान किटलेत." मंडळात आठवडाभर हसणं चाललं होतं. वहिनी सगळ्यांत जास्त हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इंगेबोर्गच्या दारात उभी.

दोनदा पुरुषांनी मतपेटीतून नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी ती गोठ्यात जाऊन रडली. दादा बाहेर बादली घेऊन उभा होता. आत जावं की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि गाय मधेच हंबरत होती.

मग महायुद्धाचं वर्ष आलं, एकोणीसशे अठरा, आणि राजधानीतल्या शहाण्यांनी नवी युक्ती काढली. तोवर आमच्याकडे अशी रीत होती की परदेशातून आलेल्या माणसानं कोर्टात जाऊन 'मला इथला नागरिक व्हायचंय' एवढं लिहून दिलं की त्याला पहिला कागद मिळे, आणि त्यावर मतही देता येई. खरं नागरिकत्व दुसऱ्या कागदावर. त्यासाठी न्यायाधीशापुढे साक्षीदार घेऊन उभं राहायचं, इंग्रजीत प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि जुन्या राजाचं नाव घेऊन त्याला सोडलं म्हणायचं. मत पहिल्याच कागदावर मिळतंय म्हटल्यावर दुसऱ्यासाठी ऐन कापणीत कोण खेटे घालणार? आमच्या एनोकनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुसरा कागद केला होता तो देशप्रेमानं नव्हे. त्यानं सरकारी जमीन घेतली होती आणि तिची पक्की सनद त्याशिवाय मिळत नव्हती. दादानं जमीन एका विकून जाणाऱ्याकडून पैसे मोजून घेतली होती. त्याला कुणी कागद मागितला नाही. दरवर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी करू.

नवी युक्ती अशी की बायकांना मत द्यायचं आणि पहिल्या कागदवाल्यांचं काढून घ्यायचं, दोन्ही एकाच ठरावात. प्रचाराची भाषाही वरूनच ठरून आली: परक्याला मत आहे आणि या मातीतल्या आईला नाही!

वहिनीनं ती भाषा उचलली. उन्हाळा सरताना शाळेत सभा भरली. एनोकच्या फोर्डमधून आम्ही चौघंही गेलो. वहिनी बोलायला लागली की खुर्च्या करकरायच्या थांबायच्या. ती म्हणाली, "ज्यांची मुलं फ्रान्सच्या खंदकात आहेत त्या आयांना मत नाही, आणि ज्यानं आपल्या जुन्या राजावरची निष्ठा अजून सोडली नाही तो खुशाल मत देतो! हा कुठला न्याय?"

टाळ्या झाल्या, पण मागच्या बाकांवर आमची नॉर्वेजियन मंडळी खाली बघत होती. म्हातारा टोल्लेफ उठला. त्याला दुसऱ्याची फजिती बघण्यासारखं सुख नव्हतं.

"बाई, एक विचारू? तो परका म्हणजे कोण, जरा बोट दाखवा की. तुमच्या चुलीपाशी बसतो तोच का?"

शाळा हसली. वहिनी लालबुंद झाली. "हाल्वोर कसला परका! तो तर... हाल्वोर आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. दादासुद्धा हसला.

लोकांना थट्टा वाटली, पण ती खरंच बोलली होती. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस कायद्यानं परका आहे हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. परके म्हणजे दुसरे कुणीतरी. सबंध काउंटीला कायदा समजावत फिरणाऱ्या बाईच्या दिव्याखाली अंधार होता. मग तिचं स्वतःचं काय, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं, पण मलाही कुठे काय माहीत होतं?

परतताना गाडीत मीच तोंड उघडलं. "दादा, तू या ठरावाला हो म्हणणार? तुझं मत जाईल ना रे."

"तिचं येईल," दादा म्हणाला.

"पण तू दुसरा कागद कर ना एकदाचा."

"तो न्यायाधीश भराभर बोलतो," दादा म्हणाला. मग आणखी म्हणाला, "आणि लोक बघत असतात." वहिनी पुढे बसून एनोकला पुढच्या सभेचं सांगत होती. तिनं हे ऐकलं नाही. आपलं इंग्रजी ऐकून हसतील म्हणून हा माणूस भितो, तोही घरात मास्तरीण असताना! आजही आठवलं की दोघांच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते, आणि मग वाईटच वाटतं.

मतदानाच्या वेळी फ्लूची साथ होती. लोक तोंडाला रुमाल बांधून गेले. दादा तिथून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला आणि त्यानं कॉफी मागितली.

"दिलं?"

"दिलं. हो म्हणून."

"वेडाच आहेस. आपल्या हातानं आपलं मत देऊन टाकलंस!"

"घरात एक असलं की झालं," तो म्हणाला. "दोन असली की भांडणं होतात."

या खेपेला ठराव पास झाला. वहिनीनं टेलिफोनवर आरोळी ठोकली. एकाच तारेवर सगळी शेतं, त्यामुळे कोण कुणाशी बोलतंय हे कळेना. नुसता बायकांचा कालवा, आणि मधेच टोल्लेफ ओरडला, "आता रात्रीचं जेवण कोण करणार, तेही ठरवा!"

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या मंडळाची निवडणूक आली. शाळेपुरतं मत आमच्याकडे बायकांना जुनंच होतं, आणि वहिनी लग्नानंतरही ते देत आली होती. कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पण आता वरून नवा हुकूम आला होता: प्रत्येक बाईला विचारा, नवरा कुठला, कागद कुठला. टेबलाशी आमचा शेजारी नेल्स बसला होता. माझी पाळी आधी आली.

"रग्ना, एनोकची बायको. एनोक नागरिक. जा आत."

माझ्यामागे वहिनी. नेल्सनं तिच्याकडे बघितलं, मग खाली कागदाकडे, मग भिंतीकडे.

"बाई, हाल्वोरचा दुसरा कागद झाला नाही ना?"

"त्याचं मत गेलं हे मला माहीत आहे, नेल्स. त्यासाठीच तर मी घसा फोडला. मी माझं द्यायला आलेय."

"बायको नवऱ्याच्या देशाची. कायदाच आहे तसा. तुम्ही लग्न केलंत त्या दिवसापासून नॉर्वेच्या झालात."

"मी आयोवात जन्मले! नॉर्वे मी नकाशावर पाहिलंय फक्त!"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नेल्स पुटपुटला. "मी काय करू? माझ्या हातात नाही."

मी आत उभी होते, हातात कागद. नॉर्वेत जन्मलेली मी, जिला आजही बाजारात नीट भाव विचारता येत नाही, तिला मत होतं. आणि जिनं मला ते काय असतं हे शिकवलं ती दाराबाहेर होती. मी मत दिलं, पण त्यात काही राम वाटला नाही. बाहेर आले तर वहिनी कुणाचं तरी मूल कडेवर घेऊन उभी होती. "जा गं, तुझी पाळी आली," असं त्याच्या आईला सांगत होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, भांडी आदळत असतील. दोघं टेबलाशी बसलेले.

"ओरड ना माझ्यावर," दादा म्हणाला.

"कशी ओरडू? सगळ्या जगाला विचारत फिरले आणि तुला कधी विचारलं नाही की तू का जात नाहीस."

"मी सांगितलंही नाही."

पुढच्याच आठवड्यात तो चांगला कोट घालून कोर्टात गेला. तिथं कळलं की त्याचा पहिला कागद इतका जुना की आता त्याला किंमत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि त्यावर दोन वर्षं थांबायचं. म्हणजे वीस सालची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हुकली. वहिनी म्हणाली, "चोवीसची कुठं पळून जातेय?" आणि उलट जोमानं कामाला लागली. खुणेची फुली कुठे मारायची, कागदाची घडी कशी घालायची, हे ती घरोघर बायकांना शिकवत होती. स्वतः देऊ शकत नव्हती त्या मताची तालीम ती दुसऱ्यांकडून करून घेत होती. कुणी हळहळ दाखवली की तिला राग यायचा.

हिवाळाभर तिनं दादाला शिकवलं. मी विणकाम घेऊन बसायचे.

"काँग्रेसची सभागृहं किती?"

"दोन. म्हणूनच काम होत नाही."

"हाल्वोर, न्यायाधीशापुढे हे दुसरं वाक्य नको. राष्ट्राध्यक्ष कुठे राहतो?"

"भाड्याच्या घरात. चार वर्षं झाली की निघा."

ती हसून हसून टेबलावर डोकं टेकायची, आणि दादा मिशीतल्या मिशीत खूश. त्याचं इंग्रजी इतकं काही वाईट नव्हतंच. मला वाटतं, त्यांच्या संसारातला तोच सगळ्यांत सुखाचा हिवाळा होता. दहा वर्षांपूर्वीही हे होऊ शकलं असतं, हीच काय ती रुखरुख.

वीसच्या ऑगस्टमध्ये मळणी चालू असताना दादा गंजीच्या सावलीत टेकला. छाती जड झालीय म्हणाला. माणसं यंत्र थांबवून येईतो तो गेला होता.

वहिनीनं काळे कपडे घातले, शेत माझ्या नवऱ्याकडे वाट्यानं लावलं आणि बग्गी जोडून हिंडणं बंद केलं. ऑक्टोबरात दादाचा अर्ज रद्द करायला ती कोर्टात गेली. कारकून भला माणूस होता. त्याला तिला दिलासा द्यायचा होता.

"तुम्हाला आता काही अर्ज करावा लागणार नाही," तो म्हणाला. "नवरा वारला की बायको आपोआप पुन्हा अमेरिकन होते. नोव्हेंबरात खुशाल मत द्या. चला, तुमचं काम तरी सोपं झालं."

तिथून ती माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली, हातमोजेही काढले नाहीत.

"मला नकोय ते," ती म्हणाली. "त्याच्या मरणावर मिळालेलं मत मला नको, रग्ना."

मी तिला समजावलं. म्हटलं, "दादानं तुझ्यासाठी आपलं मत टाकलं. तू घरी बसलीस तर त्याचंही वाया गेलं आणि तुझंही. आणि या सगळ्या बायका? तू नाही आलीस तर निम्म्या दारातूनच परततील." मी बरोबर बोलले असंच तेव्हा वाटलं. आता तितकी खात्री नाही.

ती आली. काळ्या कपड्यांत, सगळ्यांच्या पुढे. टेबलाशी पुन्हा नेल्सच.

"नवरा?" त्यानं विचारलं. विचारावंच लागतं.

"वारले."

"नागरिक," नेल्सनं लिहिलं.

ती आत गेली. बराच वेळ लागला. मागच्या बायका कुजबुजल्या की मास्तरीणबाई एकेक नाव तपासत असतील. बाहेर येऊन तिनं घडी घातलेला कागद पेटीत टाकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, तिनं मान हलवली.

घरी जाताना मी विचारलं, "कुणाला दिलंस गं?"

"कुणालाच नाही. पेन्सिल धरली, पण फुलीच मारवेना. सारखं वाटत होतं, तो मेला म्हणून मी इथं उभी आहे." मग म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. आत्ताच कुठे त्यांना मतं मिळालीत."

रविवारी चर्चनंतर कॉफीला मतमोजणीच्या गप्पा निघाल्या. टोल्लेफ मोजणीला होता. तो बशीत कॉफी ओतून म्हणाला, "एक कागद अगदी कोरा निघाला बघा! आता सांगा, कशाला हवी होती बायकांना मतं? असेल कुण्या अडाणी नॉर्वेजियन बाईचं." सगळे हसले. वहिनी कप धुवत होती. तिचे हात पाण्यातच थांबले.

"माझं होतं ते," मी म्हटलं.