उतरती रेघ

तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, तरी मी बोबड्या बोलात म्हणालो, “आधी ऑफिसात हजेरी लावू द्या.”

नवा रायपूरच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसणारे गृहस्थ लकव्याने मरणाऱ्यांची आकडेवारी ठेवतात. भाजीचे भाव सांगावेत तसं ते रोज सांगत, “डोक्यातली नस फुटून मरणारे खूप उतरले, लोक बीपीची गोळी खाऊन राहिले ना! रक्ताच्या गुठळीवाले हळूहळू उतरून राहिले.” सांगताना काचेवर बोटाने उतरती रेघ ओढत. मी मान डोलवायचो, पण माझी बीपीची गोळी मी कधीच सोडली होती.

त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरवर ओरडून बस थेट दवाखान्याकडे वळवली. गुठळी वेळेत विरघळली. आज हा हात लिहितोय तो त्यांच्यामुळे.

पेढे घेऊन आभार मानायला गेलो, तर म्हणाले, “आभार कायचे भाऊ? इतक्या वर्षांनी उतरलेली माझी रेघ तुम्ही हजेरीपायी वर चढवून राहिले होते!”