ओट्यावर मावेल एवढा खेळ

जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या अक्कांनी चांगली दहा-बारा वर्षं कॉम्प्युटर गेमचं दुकान चालवलं, आणि तेवढ्या वर्षांत स्वतः एकही गेम खेळल्या नाहीत. आवड नव्हती म्हणाल, तर तसं अजिबात नाही. अक्कांना खेळायचं होतं. गाड्यांच्या शर्यतीचा जो गेम पोरं दिवसभर खेळायची, त्यातली लाल गाडी एकदा तरी आपल्या हातानं चालवायची होती. पण दुकानात खुर्च्या मोजक्या. "मी बसली तर एक पोरगं उभं राहीन ना," एवढं म्हणून त्या कोणाच्या तरी पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून सूचना द्यायच्या. "अरे वळव, वळव! डोळे काय खिशात शेत का तुझे?" आमच्या खानदेशी बोलीत 'आहे'ला 'शे' आणि 'आहेत'ला 'शेत' म्हणतात.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. अक्कांचे यजमान धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायचे, म्हणून सगळी आळी त्यांना सर म्हणायची. आठवडाभर सर धुळ्याला, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जळगावला. पोरांनी मराठी टायपिंग शिकावं, चार अक्षरं कॉम्प्युटरवर उमटवावीत, म्हणून त्यांनी हौसेनं सहा मशीनं आणून मांडली. टायपिंग शिकायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग कोणीतरी शर्यतीच्या गेमची सीडी आणून घातली आणि दारात सायकली लावायला जागा उरेना. बाहेरची 'मराठी टायपिंग' ही पाटी मात्र शेवटपर्यंत तशीच होती. "राहू द्या," अक्का म्हणायच्या, "आईबापांना बरं वाटतं."

तिथे येणारी मुलगी मी एकटीच. माझ्या आईला ते मुळीच पसंत नव्हतं. अक्का एकदा घरी आल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "ती माझ्या नजरेसमोर शे. स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची तिची. कोणी काही बोललं तर माझ्या हातात लाटणं राहतंच." ते लाटणं त्यांनी कोणावर कधी उगारलं नाही, पण त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलंही नाही. मी आज जे काही करते त्याची सुरुवात त्या खुर्चीत झाली. हे मी कुठल्या सभेत सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

दुकानासाठी भिंत पुढे सरकवल्यामुळे अक्कांचं स्वयंपाकघर निम्मं झालं होतं. ओटा तर एवढासा, की पोळपाट ठेवला की पिठाचं ताट ठेवायला जागा नाही. पण सणावारी त्या ओट्यावर त्या बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक बिनबोभाट करायच्या. त्यांचा एकच नेम होता. "झालं ते उचला, मग पुढचं मांडा." भाजी चिरून झाली की विळी खाली, कणीक मळून झाली की परात खाली. हाच नेम दुकानात. पाणी प्यायलेला पेला दिसला की "उचल." खेळून झालेली सीडी बाहेर दिसली की "उचल." आम्ही त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आपली नक्कल बरोबर होत नाही म्हणून त्या आम्हाला सुधारून दाखवायच्या.

मग एकदा शर्यतीच्या गेमचा पुढचा भाग आला. सीडी घातली, आम्ही सगळे माना ताणून उभे, आणि पडद्यावर पाटी आली की मेमरी कमी आहे. अक्कांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "म्हणजे आत अडगळ झाली," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला. दसऱ्याला घर काढावं तशी त्यांनी सगळी मशीनं साफ केली. पडद्यावरची चित्रं गेली, गाणी गेली, काय काय गेलं. गेम तरीही चालेना. शनिवारी सर आले, तेव्हा कळलं की अडगळीबरोबर त्यांचे मराठी फॉन्ट आणि टायपिंगचे सगळे धडेही गेले होते. सर मटकन खुर्चीत बसले. "अगं, माझी दोन वर्षांची मेहनत!" अक्का म्हणाल्या, "पण आता जागा किती झाली बघा ना!"

सर मोठे सोशिक. त्यांनी अक्कांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "हे कपाट," ते म्हणाले, "यात तू सामान ठेवतेस. आणि हा ओटा, यावर तू काम करतेस. तू कपाट रिकामं केलंस. त्या गेमला ओटा लहान पडतोय." अक्कांनी कपाटाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माय वं! मग आधी नाही सांगायचं?" त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पोराला, त्याच्या बापाला, इतकंच काय वायरमनलासुद्धा त्या रॅम म्हणजे काय ते ओट्यापाशी उभं करून समजावून सांगू लागल्या.

पण समजलं म्हणून ओटा थोडाच मोठा होतो! आमच्या प्रत्येक मशीनमध्ये रॅमची चौसष्ट एमबीची एकेक पट्टी होती आणि नव्या गेमला लागायचे एकशे अठ्ठावीस. सर म्हणाले, जुनाच गेम खेळा. पोरांची तोंडं उतरली. थंडीचे दिवस होते, आणि थंडीत आमच्याकडे भरीत. शेतावर एकानं वांगी आणायची, एकानं मिरच्या, एकानं कळण्याचं पीठ. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत घालून ठेचायची आणि सगळ्यांनी एका जागी बसून खायचं. तसलंच एक भरीत खाऊन अक्का परतल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "प्रत्येकाच्या ताटात एकेक वांगं ठेवून भरीत होतं का कधी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनं बंद करून झाकणं उघडायला लावली. एकातली पट्टी काढायची, शेजारच्यात बसवायची. बसवण्याआधी तिच्या सोनेरी कडा माझ्या कंपासपेटीतल्या खोडरबरानं घासायच्या, नाहीतर मशीन सुरू होताना शिट्टी मारत बसायचं. सहाची तीन मशीनं झाली, पण त्या तिन्हींवर नवा गेम धावू लागला. उरलेली तीन पांघरूण घालून झोपवली. आणि नियम ठरला: एका मशीनपुढे दोन खुर्च्या, एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं वाट सांगायची, मग अदलाबदल. "बठ्ठा जण बसा! उभं कोणी राहायचं नाही!" सच्चा आनंद होता हो तो. भांडणं व्हायची, एकमेकांच्या नावानं बोंबा उठायच्या, पण सगळे बसलेले असायचे.

एका दुपारी, परीक्षेच्या दिवसांत, दुकान रिकामं होतं. मी पेपर देऊन सरळ तिथेच गेले. दारातून पाहते तर अक्का मशीनसमोर. पदर खोचलेला, चष्मा नाकावर, पडद्यावर लाल गाडी सुटायच्या रेघेवर उभी. मी पायरीवरच थांबले. आकडे उलटे सुरू झाले, अक्कांनी बोटं पुढे नेली, आणि माझ्या मागून तीन-चार पोरं धडधडत आत शिरली. अक्का चटका बसल्यासारख्या उठल्या. "या, या. मी फक्त पुसत होती." त्यांच्या हातात फडकंसुद्धा नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी खेळलेच नाही. त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "अक्का, तुम्ही खेळा ना." त्या हळूच म्हणाल्या, "खेळीन ना. माले बी एक डाव गाडी चालवनी शे. पण खेळ काय पळून जातो का कुठे?"

खेळ पळून गेला नाही, फुगत गेला. सर सांगायचे, त्यांच्या शिकायच्या काळात एका फ्लॉपीत चार-चार गेम मावायचे. आमच्या डोळ्यांदेखत एका गेमला दोन सीड्या लागू लागल्या, मग चार. ओटाही दुप्पट लागायचा, आणि त्याच्या पुढच्या खेपेला त्याच्याही दुप्पट. शेवटी शेवटी सरांनी धुळ्याहून आणलेलं एकच मोठं मशीन नवा गेम चालवू शकायचं. अक्का पडद्याकडे बघत म्हणायच्या, "गाडी तीच, रस्ता तोच. पोट कशानं वाढलं याचं?" मी सांगायचे, आता झाडाची पानं हलतात, गाडीच्या काचेत ढग दिसतात. "ढग?" अक्का म्हणायच्या. "गाडी चालवणाऱ्यानं रस्ता बघावा का ढग?"

मग हातोहाती फोन आले आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या. अक्कांनी धुळ्याला सरांकडे राहायला जायचं ठरवलं. मशीनं एका क्लासवाल्यानं घेतली. नेण्याच्या दिवशी आम्ही जुनी पोरं गोळा झालो. काही कॉलेजात गेलेली, काहींना मिशा फुटलेल्या. मीच हट्ट धरला, की आज अक्का खेळणार. त्यांना मोठ्या मशीनसमोर बसवलं. सगळे मागे उभे. अक्का म्हणाल्या, "अरे, उभे काय, बसा ना." "आज तुम्ही बसा!" आम्ही ओरडलो. लाल गाडी रेघेवर आली. आणि दिवे गेले. भारनियमन! वेळापत्रकात नसलेलं, आमच्या नशिबात असलेलं. दिवे यायच्या आत टेम्पो आला. अक्का पोट धरून हसल्या. मी मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, त्या एवढ्याशा ओट्याला टेकून रडले.

मी पुढे शिकले आणि आता पुण्यात एका कंपनीत गेम बनवते. माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये बत्तीस जीबी मेमरी आहे. अक्कांची सहाच्या सहा मशीनं तिच्या एका कोपऱ्यात पडून राहतील. आणि तीसुद्धा पुरत नाही म्हणून आम्ही कुरकुरतो, काय सांगायचं! परवाच्या दिवाळीत धुळ्याला गेले, तेव्हा आमचा नवा गेम अक्कांच्या फोनवर घालायला मोठ्या रुबाबात बसले. तोही गाड्यांचाच. त्यातली लाल गाडी मी भांडून घ्यायला लावली होती. फोननं सरळ सांगितलं, हा गेम या फोनवर चालणार नाही. गेमला चार जीबी मेमरी हवी, फोनमध्ये दोन. अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ओटा लहान पडला ना?"

मी म्हटलं, "अक्का, मी तुम्हाला नवा फोन घेऊन देते. उद्याच." त्या एकदम गंभीर झाल्या. "मला देशील. आमच्या भजनाच्या बायांकडे बठ्ठ्यांकडे असेच फोन शेत. त्यांना कोण देईन? मी एकटी बसून खेळू आणि त्या उभ्या राहतीन?" चकली तोंडात धरून मी त्यांच्या फोनचं मॉडेल टिपून घेतलं.

पुण्याला येऊन मी साहेबांना म्हटलं, हा गेम दोन जीबीत बसवायचा. ते म्हणाले, "लोक फोन बदलतात, गेम कशाला बदलायचा?" मी म्हटलं, सगळे बदलत नाहीत. ते म्हणाले, महिनाभर करून बघ, नाही जमलं तर विषय बंद. मी काचेतले ढग काढले. जंगलभर एकच झाड उलटसुलट करून लावलं, कोणाला ओळखू आलं नाही. तरी गेम अडखळायचाच. आम्ही सगळाच्या सगळा रस्ता, डोंगर, पूल, गावं, आधीच आत भरून ठेवत होतो. एका दुपारी डबा खाऊन झाला, रिकामा डबा टेबलावरून उचलला आणि तो हातात धरून मी तशीच उभी राहिले. झालं ते उचला, मग पुढचं मांडा! गाडी पुढे गेली की मागचा रस्ता उचलून टाकायचा आणि समोर तेवढाच नवा मांडायचा. ही युक्ती काही मी शोधलेली नाही. आमच्या धंद्यात ती जुनीच आहे, मेमरी उदंड झाल्यावर आम्हीच ती वापरायची सोडून दिली होती. मला ती आठवली ती मात्र अक्कांच्या आवाजात. महिना संपायच्या आत गेम दोन जीबीत बसला. साहेब स्वतः जुन्या फोनवर खेळत बसले, आणि आता नव्या गेमची चाचणी आधी त्याच फोनवर होते.

गेल्या महिन्यात मी धुळ्याला गेले. सकाळची वेळ, सर पेपर वाचत होते. अक्कांच्या त्याच फोनवर गेम घातला. चालला! अक्कांनी पदर खोचला, चष्मा सारखा केला, फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. लाल गाडी रेघेवर. आकडे उलटे सुरू झाले. गाडी सुटली. पहिल्याच वळणावर झाडावर आदळली. "वळव, वळव!" मी ओरडले. "डोळे काय खिशात शेत का?" अक्का खदखदून हसल्या. गाडी मागे घेतली, पुन्हा रस्त्याला लावली. पूल गेला, डोंगर गेला. मागचं उचललं जात होतं, पुढचं मांडलं जात होतं, अक्का चालवत होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर भजनाच्या बायांचा आवाज आला. सवयीनं मला वाटलं, की आता या उठणार. सरांनी पेपरातून डोकं वर केलं. "अगं, दार वाजतंय."

अक्कांनी मान वर केली नाही.

"थांबा जरासं," त्या म्हणाल्या, "मी गाडीवर शे."

मी दार उघडायला गेले आणि जाता जाता बायांसाठी सतरंजी अंथरली.