व्हॅनमधून पाहिलेली सोयरीक

“पाव नाय तर भोंपू कित्याक वाजयता रे? सकाळी सकाळी लोकांची थट्टा करता?”

मांद्र्याच्या एका वळणावर, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई आमच्या व्हॅनच्या खिडकीत तोंड घालून ओरडत होती. तिच्या मागे आणखी सात-आठ बायका, दोन म्हातारे आणि एक कुत्रा. त्यांच्यात समजूतदार म्हणावा असा फक्त कुत्रा होता.

आम्ही नवरा-बायको सहलीला निघालो होतो.

म्हणजे लोकांना सांगताना सहल. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता, आणि आपणही काहीतरी मोठे करून दाखवावे असे मला उगीचच वाटू लागले होते. (भाषेचा वाद तेव्हा पेपरात जोरात होता. आमच्या घरात तो केव्हाच मिटला होता : भांडण कोकणीतून, माफीची चिठ्ठी मराठीतून. चिठ्ठ्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या आहेत.) हरमलच्या किनाऱ्यावर गोरे लोक व्हॅनमध्येच खाट, व्हॅनमध्येच चूल मांडून अख्खा हिवाळा काढायचे, ते मी बघितले होते. तेव्हा मीही डिचोलीहून खाणीवरची एक जुनी व्हॅन आणली, आत फळ्यांची खाट ठोकली, स्टोव्ह बसवला आणि सुलभाच्या, म्हणजे आमच्या हिच्या, जुन्या साडीचे पडदे लावले. साडी जुनी आहे की नाही, हे तिला विचारायचे तेवढे राहिले.

पण खरा बेत वेगळा होता. आमच्या वैशालीला पणजीहून स्थळ आले होते. मुलगा इंजिनीअर, फोटोत सरळ दिसत होता, पत्रिकाही जुळली होती. आता घाई होती ती होकार कळवायची. पण वैशाली आईला म्हणाली, “आई, त्या घरात जन्म काढूचो आसा माका. सासू कशी आसा, तें आदी पळोवन ये.”

आता मुलीकडच्यांनी असे बघायला उघड जाणे बरे दिसत नाही. गेलो, तर ती बाई गोडच बोलणार! सुलभा म्हणाली, “तिका कळता कामा नये. लपान-छपान बघूया.” म्हणून ही युक्ती. नाताळच्या सुट्टीत समुद्राकाठाने हिंडत हिंडत पणजी गाठायची, मळा नावाच्या तिथल्या वाड्यात त्यांच्या गल्लीत व्हॅन लावायची आणि पडद्याआडून विहीणबाईंचा आवाज, चाल, मोलकरणीशी वागणे सगळे टिपून घ्यायचे. दोन पर्यटक उभे आहेत, एवढेच लोकांना दिसणार.

घोळ झाला तो भोंप्याचा. व्हॅनचे हॉर्नचे बटण दाबले की वायपर सुरू व्हायचे. डिचोलीतला आमचा मिस्त्री कोल्हापूरकडचा. तो म्हणाला, “मास्तर, वायरिंगच्या नादाला लागू नगा. ह्यो रबरी भोंगा घ्या. दाबला की झालं! पार गारगोटीपतूर ऐकू जातंय.” आणि भंगारातून काढलेला एक भोंपू त्याने दाराला आवळून दिला. मी तिथेच दाबून पाहिला. पों-पों! कोणी वळूनही बघितले नाही. (खनिजाच्या ट्रकांच्या त्या धुडगुसात तोफ उडाली असती तरी कोणी बघितले नसते.)

गोव्यात ‘पों-पों’ म्हणजे पोदेर, पाव घेऊन सायकलवरून येणारा माणूस. सकाळी एकदा, संध्याकाळी चहाच्या वेळी एकदा. तो आवाज आला की माणूस अंगाला साबण तसाच ठेवून पिशवी घेऊन बाहेर येतो. बिचाऱ्या कोल्हापूरच्या मिस्त्रीला हे ठाऊक नव्हते. मी मात्र जन्मापासून त्याच आवाजावर उठलेला, आणि पेडण्याच्या शाळेत मास्तर, वर नाटके लिहिणारा! तरी माझ्या डोक्यात उजेड पडला तो मांद्र्याला, त्या बाईचे डोके खिडकीत आल्यावर.

“अगो, आम्ही सहलीक आयलाव,” मी म्हणालो.

“सहलीक जाय, नायतर मसणात जाय! माझी चाय थंड झाली!”

केरीच्या सुरूच्या झाडांखाली काढलेली आदली रात्र आधीच अंगात होती. खाट मी व्हॅनच्या लांबीची ठोकली होती, माझ्या उंचीची नाही. त्यामुळे माझे पाय मागच्या दारातून बाहेर राहिले आणि पहाटेच्या थंडीत त्यांच्यावर एक कोकरू येऊन झोपले. (सुलभा म्हणते, ते कोकरू नव्हते, मांजर होते. पण ती आत होती, पाय माझे होते.) त्यात आता ही माणसे. मी शपथ घेतली की भोंप्याला हात लावायचा नाही.

पण समुद्राकाठचे ते रस्ते! दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, दर वीस पावलांवर वळण, वळणापलीकडे गाय. वाजवल्याशिवाय गती नाही. मोरजीत गाईसाठी एकदा वाजवला. गाय हलली नाही, पण तेरा घरांची दारे उघडली. पुढे एका लग्नघरापाशी समोरच्या बसने जागा द्यावी म्हणून वाजवला, तर मांडवातून धावत आलेल्या नवरीच्या मामाने मोठी पाटीच पुढे केली.

“पन्नास उंडे द्या!”

“पाव नाय आमच्याकडे.”

“मगे पाठीमागे काय आसा?”

“खाट.”

त्याने पडदा बाजूला करून पाहिले. आत आमची ही केस विंचरत बसली होती. त्या माणसाने पडदा सोडला आणि मला काहीतरी म्हणाला. ते मी इथे लिहीत नाही. त्या मांडवात मुलेही होती.

चोपडे धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभे राहिलो, तोच मागून एक सायकल धडाडत आली. सायकलवर खरा पोदेर! घामाघूम, डोळे लाल, मागची पाटी काठोकाठ भरलेली.

“तूंच काय रे तो?” त्याने सायकल टाकली. “हरमल सोडल्यापासून जंय जाता थंय लोक म्हणतत, आत्ताच पोदेर येवन गेलो, पाव नाय म्हणालो! कोण दार उघडूक तयार नाय! ही पाटी आता कोणाच्या बापायन खावची?”

त्याचे शंभर टक्के बरोबर होते. सुलभा खाली उतरून म्हणाली, “भाऊ, चुकलां आमचां. पाटी आमच्याकडे द्या.” आणि पाटीसकट सगळा पाव तिने घेतला. भोंपूही त्याला देऊन टाकावा असे मला वाटले. पण त्याच्याकडे त्याचा होता.

बोटीवर सुलभा पावाच्या ढिगाशेजारी बसून म्हणाली, “पाटी भरून पाव! विहीणबाईच्या दारात आता पर्यटक कसे दिसूचे?”

“पर्यटकही पाव खातात,” मी म्हणालो.

म्हापसा मागे टाकला, बेतीला दुसरी फेरीबोट घेतली (मांडवीवरचा नवा पूल तेव्हा व्हायचा होता) आणि ऐन चहाच्या वेळी पणजीत शिरलो. मळ्यातली गल्ली अशी की व्हॅन शिरली तर कुत्र्याला बाहेर पडायला जागा नाही. पत्त्यावरचे पिवळे घर डाव्या हाताला आले. मी हळूच गाडी लावणार, तेवढ्यात समोर एक स्कूटर आडवी उभी. मालकाचा पत्ता नाही.

“वाजव नकात!” सुलभा खालच्या आवाजात ओरडली.

पण सवयीने माझा हात गेला. पों-पों!

सबंध गल्ली दारात आली. आणि पिवळ्या घरातून एक उंच, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई बाहेर येत आत ओरडली, “राजन, पिशवी हाड! नवो पोदेर आयला!” पिशवी घेऊन मुलगा आला. फोटोतलाच! फोटोपेक्षा थोडा टकला, पण तोच.

आता पळायला मागे जागा नव्हती, पुढे स्कूटर. सुलभाने माझ्याकडे एकदाच पाहिले (त्या नजरेची चिठ्ठी मी नंतर तीन पानांची लिहिली), पदर डोक्यावरून ओढला आणि मागचे दार उघडले.

“घे गो बाये, कितले जाय?”

विहीणबाईंनी एकेक उंडा दाबून पाहायला सुरुवात केली. “हो मोव. हो कडक. हो कोणाक विकतलें तूं? आदलो पोदेर खंय गेलो?”

“तेका... ताप आयला.”

“आनी तूं घोवावांगडा सकाळसून भोंवता? कितें खाल्लां?”

खरे म्हणजे आम्ही केरीपासून काहीच खाल्ले नव्हते. पाव विकायचा असतो, खायचा नसतो, असे आमच्या दोघांच्याही मनाने केव्हा घेतले कोण जाणे! विहीणबाई ताडकन आत गेल्या आणि चहाचा पेला, वर केळ्याचे दोन काप घेऊन आल्या. पायरीवर स्वतः पाट मांडला.

“बस गो आदी. पाव मागीर.” मग त्यांची नजर माझ्यावर आली. “आनी तूं? बायल उबी आनी तूं रायासारको बसलां? देंव सकयल! पाटी उखल!”

मी उतरलो. पाटी उचलली. गल्लीच्या टोकापर्यंत दारोदार मी पाव वाटला आणि सुलभा पायरीवर बसून, विहीणबाईंशी चणाडाळीच्या आमटीवर बोलत, दोन पेले चहा प्याली. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, पेपर वाचत बसलेले विहीणबाईंचे यजमान मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

परतीच्या वाटेवर मी विचारले, “कशी वाटली? तोंडाची जरा तिखट आहे.”

“तिखट आसा,” सुलभा म्हणाली. “पण दारार आयलेल्या अनोळखी पावकाराच्या बायलेक पाट मांडता ती बाई. वैशाली बरी रवतली थंय.” थोड्या वेळाने तिने जोडले, “आणि तुमकां काम कसां सांगूचां, तें माका आज समजलां.”

आम्ही होकार कळवला. त्यांचाही आठवड्यात आला. पुढे ती मंडळी पेडण्याला बोलणी करायला आली तेव्हा मी धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, ओळखूच येऊ नये असा तयार होतो. पण विहीणबाईंनी उंबऱ्यातच सुलभाचा हात धरला आणि हसू लागल्या. मी कानकोंडा झालो. शेवटी धीर करून यजमानांजवळ बसलो आणि सगळी कथा, पोदेरासकट, कोकरासकट, सांगून टाकली. “तुम्ही त्या दिवशी बघितलेत ते विसरा,” मी हात जोडले. “खरे तर असल्या प्रकारानंतर तुम्ही होकार दिलात, हाच तुमचा मोठेपणा.”

त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मध्यस्थाचे चिठयेंत तुमचो फोटो आसलो, आनी वैशालीचो बापूय नाटकां बरयता म्हण बरयलेलें. आमी नकार दिवपाचे आसले. मागीर तुमकां पाव विकताना पळयले. म्हटलें, ना, मनीस कितें तरी काम करता.”