एस्पेरे

हे मी अविनाशलाही सांगितलेलं नाही. नवरा आहे माझा, इतक्या वर्षांचा संसार — तरी नाही. तुम्हाला सांगते.

२००५ साल. आम्ही ह्यूस्टनजवळ राहायचो. लुइझियानात मोठं वादळ झालं आणि तिकडची माणसं बस भरभरून आमच्याकडे आली. एका शाळेच्या जिममध्ये त्यांची सोय केली होती. त्यांत एक म्हातारी होती. घाबरून इंग्रजी विसरल्यासारखी झालेली, फक्त तिकडचं फ्रेंच बोलायची. दुभाषी हवा होता. मी मिरवतच पुढे झाले — पुण्यात फ्रेंचच्या परीक्षेत पहिली आलेली ना मी!

तिचं फ्रेंच ऐकून मला हसू आलं. क्रियापदं चुकलेली, उच्चार गावंढळ. वादळात ताटातूट झालेल्या भावाबद्दल ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती — एस्पेरे. म्हणजे आशा करणं. मी सांगून टाकलं, भाऊ सुखरूप असेल अशी आशा आहे म्हणतेय. म्हणजे इथे थांबायचं कारण नाही, असं धरून तिला पुढे डॅलसला निघालेल्या बसमध्ये बसवलं. ती माझा हात सोडेना. मी सोडवून घेतला.

बस अजून उभीच होती. तेवढ्यात तिच्या गावचे एक आजोबा मला म्हणाले, आमच्यात एस्पेरे म्हणजे वाट पाहणं. ती तर भावासाठी इथेच थांबणार होती, मग बसमध्ये कशी? धावत जायला कितीसा वेळ लागला असता — एक मिनिट? पण चारचौघांत माझं फ्रेंच कच्चं ठरलं असतं. मी म्हणाले, तिनंच नंतर विचार बदलला. बस गेली.

संध्याकाळी भाऊ आला. हातात तिच्या चपला. थांबली नाही का, त्यानं इंग्रजीत विचारलं. आणि मी — पुन्हा तेच. नाही, तिलाच जायचं होतं. बस कुठे गेली, हेही त्यानं विचारलं नाही. चपला खुर्चीवर ठेवून निघून गेला.

घरी अविनाश म्हणाला, "किती जणांना हेल्प केलंस आज? प्राउड ऑफ यू, यार." मी पोटभर जेवले.

मी मूळची नागपूरची. पुण्यात हॉस्टेलवर माझं 'येऊन राहिले', 'करून राहिले' ऐकून मुली खो खो हसायच्या. लाजून मी ते घासून काढलं. आपल्या बोलण्याला कोणी हसलं की कसं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

त्या भावाला जे सांगितलं नाही, ते आता माझ्या घरच्या मराठीत सांगते. बहीण तुमची वाट पाहून राहिली होती.