दोन हजार किलोमीटर

इपोह शहराच्या मेंगलेंबू भागात फू काम वेंगचं गॅरेज आहे. वय त्रेसष्ट, गुडघे कामातून गेलेले, आणि जीभ अशी की नवं गिऱ्हाईक पुन्हा यायला दहादा विचार करतं. तरी येतंच. जोरकस गाडीचा क्लच बदलावा तर त्यानेच. झिजलेली प्लेट उलटसुलट करून तो मालकाची अख्खी कुंडली मांडतो. "सिग्नलला पाय पेडलवरच ठेवून बसतोस ना? ते काय पायपुसणं आहे?" गिऱ्हाईक ओशाळतं.

शर्यतीचा क्लच मात्र तो कुणालाच बसवून देत नसे. सात वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने, ची हाँगने, मागितला तेव्हा त्यालाही हाकलून दिलं. पोरगा गेला गावाबाहेरच्या एका स्वस्त गॅरेजात. तिथे नकली माल बसवला. शर्यतीत गाडी सुटतानाच प्लेट फुटली, तिचे तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून पायांत घुसले. इस्पितळ येईपर्यंत पोराच्या अंगात रक्त उरलं नाही. "तुम्ही बसवून दिला असता तर," असं बायको एकदाच म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते, आणि तो तिला दोष देत नाही.

या सोमवारी धाकटा यू मेंग आपली दोन दारांची टर्बो गाडी घेऊन आला.

"पा, क्लच घसरतोय. कामावर जाताना पुलावर किती ट्रॅफिक असतो, माहितीय ना."

काम वेंगने गिअरबॉक्स उतरवला. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट सोडले तसा जळका वास नाकात गेला. ट्रॅफिकमध्ये प्लेट झिजते ती सारखी झिजते. ही रिव्हेटपर्यंत करपलेली होती, आणि ती ज्यावर दाबून बसते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग, डागांतून केसाएवढ्या भेगा. उभ्या गाडीत इंजिन तापवून, शर्यतीत सुटताना सोडतात तसा एकदम सोडलेला क्लच, तोही दहा-वीसदा.

"पुलावरचा ट्रॅफिक फारच घाईत असतो वाटतं," तो म्हणाला.

यू मेंगने डिकीतून खोकं काढून पुढे ठेवलं. शर्यतीचा क्लच.

"तुम्ही नसेल बसवायचा तर राहू द्या, पा. मी दुसरीकडे बघतो."

दुसरीकडे. हा शब्द म्हाताऱ्याच्या काळजात रुतला. त्याने खोकं उघडलं. प्लेट उजेडात धरून एकेक रिव्हेट तपासला. फ्लायव्हील नवं मागवलं. प्लेट मधोमध आली की नाही हे दोनदा पाहिलं, बोल्ट थोडेथोडे करून समोरासमोर आवळले. चाळीस वर्षांत त्याने इतकं चोख काम केलं नव्हतं. ते करताना त्याला आपलीच शिसारी येत होती.

संध्याकाळी मुलाशेजारच्या सीटवर बसून त्याने त्याला गाडी फिरवायला लावली. मग नेहमीसारखा किलोमीटरचा आकडा लिहून काचेवर कागद चिकटवला.

"नवा क्लच आहे. दोन हजार किलोमीटर अगदी हळू चालवायची. शर्यत नाही, काही नाही. शब्द दे."

"दोन हजार? सगळ्यांना तर आठशे सांगता."

"तू सगळ्यांतला आहेस का रे, गाढवा?"

मुलाने बापाकडे बघितलं. "दिला शब्द," तो म्हणाला.

दिवसाला चाळीस किलोमीटर, म्हणजे पन्नास दिवस. काम वेंगने कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख काढली. पन्नास दिवसांत पोरगं एखाद्या मुलीच्या प्रेमात पडेल, नोकरी बदलेल, काहीही होईल. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

शुक्रवारी सकाळी तो कॉफी पीत असताना गाडी दारात आली. यू मेंगचे डोळे तांबारलेले होते.

"पा, आकडा बघा. दोन हजार झाले."

"कसे झाले?"

"हायवेने जोहोरला दोनदा जाऊन आलो, एका खेपेचे हजार. एकदाही जोरात नाही चालवली, आईशप्पत."

"हायवेचे किलोमीटर धरत नाहीत," काम वेंग ओरडला. "हायवेवर क्लच वापरला तरी जातो का? तो गावात, थांबत-निघत चालवून जागेवर बसतो!"

"तुम्ही दोन हजार म्हणालात. मी शब्द पाळला." मुलाचा आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागला. "आज दुपारी शर्यत आहे, पा. तुम्ही बसवलाय, आता मला भीती नाही."

काम वेंगने कप खाली ठेवला. कॉफी सांडली ती पुसलीही नाही.

"मग मी येतो बरोबर."

त्याने डावीकडचं दार उघडलं. आत सीटच नव्हती. उघडा पत्रा, आणि बोल्टांची चार भोकं.

"वजन कमी केलंय," यू मेंग खाली बघत म्हणाला.

म्हाताऱ्याने दाराला धरून आधी एक गुडघा वाकवला, मग दुसरा. कण्हत कण्हत तो त्या चार भोकांच्या मध्ये पत्र्यावर बसला आणि दार ओढून घेतलं.

"चल," तो म्हणाला.