खांबावरचा कप

"आधी तुमच्या बाबांचं होऊ द्या. मग तुम्हाला त्याच कपात देते."

शेजारच्या वहिनी कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या. हसत. हातात किटली आणि कप एकच. निळ्या फुलांचा, कानाशी टवका उडालेला. माझा कप.

हो, माझाच समजत होते मी. नाशिकात हे रो-हाऊस घेतलं तेव्हापासून वहिनी मला त्यातच चहा द्यायच्या. "हा तुमचा खास कप हं," म्हणायच्या. आणि मी बावळट, गावभर सांगत सुटायचे. माहेरी गेले तेव्हा आबांनाही सांगितलं, "शेजारणीनं माझ्यासाठी वेगळा कप ठेवलाय!" आबा तसेच उठून बाहेर गेले. मला वाटलं, तंबाखू थुंकायला गेले असतील.

शिकलेली मी. शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवते. बौद्ध घरातली. आणि हे मला कळलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर गवंडीकाम. दुसऱ्यांच्या बंगल्यांना खांब बांधले, स्वतःच्या दाराला पत्रा. म्हणून माझ्या गेटचे खांब मला त्यांच्याच हातचे हवे होते. सुट्ट्यांत आम्ही दोघांनीच काम काढलं. मी विटा भिजवायची, माल कालवायची. ते ओळंबा धरून थर चढवायचे. चारी बाजूंनी विटा, मधे पोकळी, पोकळीत सळई. शेवटी आत काँक्रीट भरलं की खांब भरीव. आबा लई खुशीत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "माझ्या लेकीचं गेट हाय."

अशात वहिनी चहा घेऊन आल्या.

आबांनी कप घेतला. दोन घोटांत संपवला. नळाखाली जाऊन स्वतः विसळला आणि भिंतीवर पालथा घातला. कुणी सांगितलं नव्हतं. हातालाच सवय. वहिनींनी तो सुलटा केला, त्यात माझा चहा ओतला आणि माझ्याकडं सरकवला.

अंगाची नुसती लाही लाही झाली. त्यांच्या घरात कपांचा दुष्काळ पडला होता का? तो कप माझा नव्हताच. आमचा होता. आमच्यातलं कुणीही आलं तरी तोच.

"नको मला."

"अहो, धुतलाय की बाबांनी."

"दुसरा आणा. तुम्ही पिता त्यातला."

वहिनींचं हसू गेलं. "गैरसमज करून घेऊ नका हं. मी असलं काही मानत नाही. आमच्या सासूबाईंचं असतं थोडं."

सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा मी सांत्वनाला गेले होते. मला पोर्चमध्येच खुर्ची दिली होती, हेही मला आत्ता उमगत होतं.

"सासूबाई तर गेल्या, वहिनी."

त्या आत निघून गेल्या. चहासकट कप भिंतीवर राहिला.

आबा म्हणाले, "कशाला बोललीस? शेजार हाय. अडीनडीला तीच येणार."

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तू सांगितलं तव्हाच."

"मग बोलला का नाही?"

आबा थापी पुसत राहिले. "लय खूश होतीस गं तू."

मला रडू आलं नाही. रागच आला. वहिनींचा, आबांचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

संध्याकाळी नवरा अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतून आला. त्याला सांगितलं. "सोड ना," म्हणाला. "आपल्याला इथंच राहायचंय." आमची लेक पहिलीत आहे. जेवता जेवता मधेच म्हणाली, "मम्मी, काकूंकडे माझा पण ग्लास आहे. गुलाबी. दुसऱ्या कुणालाच देत नाहीत."

केवढ्या तोऱ्यात सांगत होती! मी आबांकडं बघितलं. ते खाली मान घालून भाकरी मोडत होते.

सकाळी खांब भरायचे होते. कप अजून भिंतीवरच होता, चहात मुंग्या. आबांनी विटांचे तुकडे आत टाकले आणि कपाकडं बोट केलं. "तो बी टाक आत. वरून माल पडला की इषय संपला. कुणाला दिसत नाय."

"नाही आबा. दिसू दे."

दोन्ही खांब काठोकाठ भरले. आबांनी वरून माल सारखा केला. मग मी कप धुतला आणि वहिनींच्या बाजूच्या खांबावर ओल्या मालात दाबून बसवला. उभा.

"काढ ते! लोक हसतील."

"हसू द्या."

आबांनी थापी टाकली आणि माझ्याकडं पाठ करून बसले. दुपारच्या गाडीनं गावी गेले. परत आलेले नाहीत. गेट अजून बसायचंय.

वहिनी आता बोलत नाहीत. गल्लीतल्या बायका मला बघून विषय बदलतात. नवरा रोज म्हणतो, "फोडून टाक तो." काहीही बदललं नाही, आणि बदलेल असं मला वाटतही नाही. वहिनींकडं दुसरा कप आला असेल. दुसऱ्या कुणासाठी तरी.

लेकीला मात्र मी त्या खांबापाशी नेलं. म्हटलं, "तुझा ग्लास खास नाही. आपण शिवलेलं त्यांना चालत नाही, म्हणून तो वेगळा ठेवलाय."

तिला आधी समजलं नाही. परत सांगितलं. मग ती खूप रडली. मी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग काकूंकडे पाणी नको पिऊ?"

"सगळे पितात त्या ग्लासात दिलं तर पी. नाहीतर तहानलेली घरी ये."