लग्नाच्या गाडीत मिळालेली जागा

त्या सकाळी दवाखान्याच्या दारात उभी राहून मी देवीला मनातल्या मनात फार वाईट बोलले. सीमेपल्याड तेलुगू मुलखात, भीमपूरकडच्या आमच्या मळ्यात वांगी तोडता तोडता यजमानांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं. शेजारी म्हणाले, अंगावरून वारं गेलं, पाला बांधा. मी ऐकलं नाही. मिळेल त्या ऑटोत घालून त्यांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा झटका आहे, उशीर करू नका. डोक्याचा फोटो लागेल, पण मशीन बंद आहे. नागपूरला न्या." गाडी विचारली, तर म्हणाले, "ॲम्ब्युलन्स बाहेर गेली, वाट पाहा." उशीर करू नका आणि वाट पाहा, हे एकाच तोंडून ऐकून माझ्या अंगाची आग झाली. 'माय, दरसाल माहूरचा डोंगर चढून येतो आमी. आता कुठं झोपून राह्यली तू?'

तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानापाशी लग्नाला निघालेली एक गाडी थांबली. रेशमी साडीतल्या एका तेलुगू बाईनं विचारलं, "क्या हुआ, अम्मा?" मोडक्या हिंदीत मी सांगितलं. ती आपल्या माणसांशी काहीतरी बोलली. तिचा नवरा आणि दीर उतरले, पिशव्या घेऊन बसस्टँडकडे चालू लागले. "बैठो," ती म्हणाली. नागपूरपर्यंत यजमानांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. वाटेत त्यांना ओकारी झाली, तेव्हा तिनं आपल्याच पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

तिथे रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. यजमान आज पाय ओढत का होईना, चालतात. बोलतातही थोडं.

शेजारच्या खाटेवर उटनूरकडच्या जंगलातल्या गावचा एक माणूस होता. त्यालाही हाच झटका, त्यालाही त्याच बंद मशीनपायी इकडे धाडलेलं; गाड्या बदलत तो दुसऱ्या दिवशी पोचला. अर्धं अंग गेलं, वाचाही. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "बाई, तुमाले गाडी कोणं देली?" 'देवीनं' हा शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला. हिच्यावर देवी काय रुसली होती? त्या विचारानं आजही माझं डोकं तापतं.

नंतर माहूरला जाऊन डोकं टेकवलं. त्या बाईच्या रूपानं तू आलीस, असं म्हणून रडले. यजमानांचा हात पुन्हा उठेल की नाही, हे तिच्या पायाशी सोडून आले, आणि तेव्हापासून झोप लागते. बंद मशीन मात्र तिच्यावर सोडलं नाही. तक्रारी ऐकायच्या दिवशी मी कलेक्टरच्या कचेरीत जाऊन उभी राहते. एकदा तिथला मराठी कारकून वैतागला. "तुमचा माणूस तर वाचला ना, मावशी? मंग काऊन येऊन राह्यल्या?"

मी म्हटलं, "वाचला म्हणूनच येता येते, बाबू. जिचा माणूस निजून हाय, तिले खाटेपासून हलता येत नाही."